इथे व्हीलचेअरवाले येतातच कुठे?

नाल्याकाठी नवा हरित पट्टा झालाय. झाडं, बाकं, फलकावर ‘सर्वांसाठी खुले’. आणि दारात काय? मोटारसायकली घुसू नयेत म्हणून नागमोडी लोखंडी गेट! आईची व्हीलचेअर अडकते, बाबागाडी अडकते. मोटारसायकलवाले पलीकडच्या तुटक्या कुंपणातून खुशाल आत.

रॅम्पला १:१२ चा उतार लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. इथे घसरगुंडी बांधलीय, वर गुळगुळीत ग्रॅनाइट. पावसात धडधाकट माणूसही आपटेल. पण फोटोत रॅम्प दिसला की झालं!

पिवळ्या फरशांचं तर विचारूच नका. जपानमध्ये ओकायामात १९६७ साली अंधांसाठी त्या पहिल्यांदा बसवल्या. पायाला नि काठीला जाणवणाऱ्या उठावाच्या उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा, सावध व्हा. आमच्या ठेकेदाराने सरसकट ठिपकेच ठोकलेत, तेही थेट विजेच्या डीपीपर्यंत. काठीच्या भरवशावर चालणाऱ्याने करायचं काय?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, नियम छापलेले, सगळं कागदावर आहे. तक्रार केली की साहेबांचं उत्तर तयार: “पण इथे व्हीलचेअरवाले येतातच कुठे?”

अहो, येणार कुठून? कुंपणावरून उडी मारून?