सिंहस्थ एका पहाटेपुरता नसतो

गेल्या महिन्याभरात एकच संदेश माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. शेवटी लातूरहून मावशीने पाठवला आणि खाली लिहिलं, "तू नाशिकचा. आम्हा दोघांचं २ ऑगस्टचं बघ." तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण तो संदेश अजून फिरतो आहे.

संदेशातला मजकूर थोडक्यात असा: नाशिकचा २०२७ चा महाकुंभ १४४ वर्षांनी येतोय, आपल्या हयातीत पुन्हा नाही. पुण्य फक्त अमृतस्नानाच्या (आखाड्यांच्या मानाच्या स्नानाच्या) दिवशी, तेही पहाटे, साधूंसोबत, रामकुंडातच (नाशिकचं गोदावरीवरचं कुंड). सकाळी नाशिक आणि दुपारी त्र्यंबक, एका दिवसात दोन्ही स्नानं होतात. कुंभात गंगेचं (नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात) पाणी आपोआप शुद्ध होतं, प्यायलं तरी बाधत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना नेलंच पाहिजे, तिथे देह पडला तर मोक्षच. आणि शेवटी: खालच्या लिंकवर आजच तंबू बुक करा.

"१४४ वर्षांनी येतोय." नाही. गुरू सिंह राशीत आला की गोदावरीवर सिंहस्थ, म्हणजे नाशिक-त्र्यंबकचा कुंभ, असतो. याआधीचा २०१५ ला झाला, त्याआधीचा २००३ ला. मावशी स्वतः २००३ ला येऊन गेली आहे, संदेश पाठवताना तिच्या ते लक्षात आलं नाही इतकंच. १४४ हा आकडा प्रयागच्या मेळ्याला जोडलेला आहे, बारा गुणिले बारा असा. २०२५ च्या प्रयागच्या मेळ्यात तो घराघरांत पोहोचला आणि आता तोच उचलून नाशिकला चिकटवला आहे. गंमत म्हणून नव्हे, खरोखर हिशेब करून पाहा. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, पुरी बारा नाही. म्हणूनच हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर अकराच वर्षांनी, २०२१ ला झाला. १४४ वर्षांत गुरूच्या बारा फेऱ्या पूर्ण होऊन वर सुमारे ५० अंश चाल होते, म्हणजे दीड राशीहून जास्त. २०२७ च्या १४४ वर्षं आधी, १८८३ च्या श्रावणात, गुरू सिंहेत पोहोचलेलाच नव्हता. ज्या योगाच्या नावाने हा आकडा सांगतात, तोच योग या आकड्याने मोडतो.

"पुण्य फक्त अमृतस्नानाच्या दिवशी." संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

गोदावरीचं जे माहात्म्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं ते असं: साठ हजार वर्षं भागीरथीत केलेल्या स्नानाचं फळ, गुरू सिंहेत असताना गोदावरीत एकदा केलेल्या स्नानाने मिळतं. यात अट एकच आहे, गुरू सिंहेत असण्याची. अमावस्येची नाही, पहाटेची नाही, मिरवणुकीची तर मुळीच नाही. रामकुंडावरचं गंगा-गोदावरीचं देऊळ बारा वर्षांतून एकदा, सिंहस्थात उघडतं आणि मग पर्वकाळभर उघडं राहतं. पर्व एका दिवसाचं असतं तर देऊळही एकच दिवस उघडलं असतं.

या वेळचा पर्वकाळ तर नेहमीपेक्षा लांब आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २४ जुलै २०२८ ला ध्वज उतरणार. नेहमीचे तेरा महिने एवढे का वाढले, तर गुरू सिंहेत येतो, २०२७ च्या सुरुवातीला वक्री होऊन कर्केत मागे जातो, जूनअखेरीस पुन्हा सिंहेत येतो, नोव्हेंबरअखेर कन्येत जातो आणि २०२८ मध्ये आणखी एकदा सिंहेत परततो. तीन तुकड्यांत सिंहेत राहतो, म्हणून याला त्रिखंडी सिंहस्थ म्हणतात. एवढ्या मोठ्या काळातल्या तीन सकाळी तेवढ्या खऱ्या आणि बाकीचे दिवस वाया, असं म्हणायला शास्त्राचा आधार नाही आणि आमच्या गावच्या रिवाजाचाही नाही. पंचवटीतली म्हातारी माणसं गर्दीच्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत. ती मधल्या एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी "गंगेवर जाऊन येते" म्हणतात, स्नान करतात आणि नऊपर्यंत घरी येतात.

पर्वणीचे दिवस (आम्ही पर्वणीच म्हणतो, शाही स्नान, अमृतस्नान ही त्याचीच दुसरी नावं) आहेत ते असे: २ ऑगस्ट २०२७, सोमवती अमावस्या. ३१ ऑगस्ट, श्रावण अमावस्या, म्हणजे पोळा. तिसरी नाशिकला ११ सप्टेंबरला, भाद्रपद शुद्ध एकादशी, आणि त्र्यंबकला दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला. या दिवसांचा मान आखाड्यांच्या स्नानाचा आहे. ते पाहायचं असेल तर जरूर या, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण पाहणं वेगळं आणि आपलं स्नान वेगळं.

"पहाटे, साधूंसोबत, रामकुंडातच." हे घडतच नाही. पर्वणीच्या दिवशी आखाडे उरकेपर्यंत रामकुंड आणि त्र्यंबकचं कुशावर्त कुंड सर्वसामान्यांना बंद असतात. २०१५ ला बाहेरून आलेल्या लोकांना दसक घाट, टाकळी संगम, लक्ष्मीनारायण घाट अशा ठिकाणी वळवलं होतं. नाशिकरोडला उतरलेल्याला दसकचा घाट जवळ, तर त्याने तिथेच स्नान करावं अशी आखणी होती आणि ती योग्यच होती. नदी एकच आहे. तरीही "रामकुंडातच पाहिजे" म्हणून लोक बांबूंच्या अडथळ्यांपाशी तासन्‌तास ताटकळत राहिले.

मी त्या वर्षी गाडगे महाराज पुलाजवळ स्वयंसेवक होतो. साठी उलटलेली एक बाई दुपारी आमच्याकडे आली. गर्दीत घरच्यांचा हात सुटला होता. तिला मुलाचं नाव सांगता येत होतं, गावाचं नाव सांगता येत होतं, पण तालुका कोणता आणि फोन कुठला, काही नाही. तिच्या कमरेच्या पिशवीत पैसे होते, हळदकुंकू होतं, कागदाचा एक चिठोरा नव्हता. संध्याकाळी सातला मुलगा सापडला. तेवढ्या वेळात ती एकच वाक्य म्हणत होती, "मला रामकुंडातच न्यायचं म्हणून तो पुढं गेला."

"सकाळी नाशिक, दुपारी त्र्यंबक." एरवी हे अंतर तीसेक किलोमीटर आणि तासाभराचं. पर्वणीला खासगी गाड्या गावाबाहेरच्या वाहनतळावर थांबतात, तिथून बस, आणि बसनंतरही बरंच पायी. त्र्यंबकला रेल्वे नाही, तिथे जायचा रस्ता आणि परतायचा रस्ता एकच गर्दी वाहतो. पहिल्या दोन पर्वण्या दोन्हीकडे एकाच दिवशी आहेत, म्हणजे दोन्हीकडे लाखोंची गर्दी. तिसरीच्या तर तारखाच निराळ्या, त्यामुळे तिथे हे वाक्य कागदावरही बसत नाही. मुळात दोन जागा झाल्या त्याच भांडणं होऊ लागली म्हणून. पेशवाईत संन्यासी (शैव) आणि बैरागी (वैष्णव) यांच्यातल्या संघर्षानंतर वैष्णवांचं स्नान नाशिकला रामकुंडावर आणि शैवांचं त्र्यंबकला कुशावर्तावर, अशी वाटणी झाली. आजही निर्मोही, निर्वाणी, दिगंबर हे वैष्णवांचे तीन आखाडे नाशिकला असतात आणि उरलेले दहा त्र्यंबकला. भाविकाने दोन्हीकडे धावलंच पाहिजे असा दंडक कुठेच नाही. दोन्ही करायचं असेल तर मुक्काम करा, दोन दिवस ठेवा.

"पाणी आपोआप शुद्ध होतं." गंगा आमची आई आहे, तिच्याबद्दल खोटं बोलून तिचा मान वाढत नाही. प्रयागच्या २०२५ च्या मेळ्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित लवादाला दिलेल्या अहवालात, अनेक ठिकाणी पाण्यातले विष्ठाजन्य जिवाणू स्नानाच्या मर्यादेबाहेर गेल्याचं नोंदवलं होतं. ती मर्यादा १०० मिलिलिटरला २५०० आहे. ही मर्यादा अंघोळीच्या पाण्याची, पिण्याच्या पाण्याची नव्हे. गोदावरीत शहरातले नाले मिसळतात हे नाशिककरांना सांगायला नको, आणि कुशावर्त तर चारी बाजूंनी बांधलेलं कुंड आहे. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी (कॉलरा) दूरवर पसरली होती. आचमन ओठाला पाणी लावून होतं. डुबकी मारताना तोंड मिटा, पायाला जखम असेल तर फक्त पाणी शिंपडा, आणि घरी न्यायचा गडू देवघरात ठेवा, तीर्थ म्हणून मुलांना पाजू नका.

पाण्याबद्दल संदेशात नसलेली, पण शुद्धतेहून तातडीची गोष्ट म्हणजे पूर. प्रयागचा मेळा थंडीत असतो, आमचा भर पावसाळ्यात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की काही तासांत रामकुंडाचं रूप बदलतं. नाशिककर पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. २०१६ आणि २०१९ चे मोठे पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातलेच, आणि पहिली पर्वणी २ ऑगस्टला आहे. घाटाच्या पायऱ्यांना त्या दिवसांत शेवाळ असतं. साखळी सोडून पुढे जाऊ नका आणि घाट बंद म्हणून सांगितलं तर वाद घालू नका.

"देह पडला तर मोक्षच." हे वाक्य माझ्याने वाचवत नाही.

२७ ऑगस्ट २००३. श्रावण अमावस्या होती, म्हणजे २०२७ च्या दुसऱ्या पर्वणीची तिथी. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौकाच्या भागात, अडवून धरलेली गर्दी कोसळली आणि ३९ माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होतो, घर जवळच. दुपारी त्या उतारावर चपलांचा ढीग होता आणि तो दुसऱ्या दिवशीही होता. त्या माणसांपैकी कुणी मोक्षासाठी चेंगरून घ्यायला आलेलं नव्हतं. स्नान करून घरी पोळा करायला जायचं होतं त्यांना.

३ फेब्रुवारी १९५४ ला प्रयागला शेकडो माणसं गेली, तो दिवस मौनी अमावस्येचा. २०१३ ला अलाहाबाद स्थानकावर ३६ जण गेले, तोही मौनी अमावस्येचा. २९ जानेवारी २०२५ ला संगमाजवळ सरकारी आकड्याप्रमाणे ३० जण गेले, पुन्हा मौनी अमावस्या. नाशिकची तिथी वर सांगितलीच. यातले बहुतेक जण पाण्यात बुडून गेले नाहीत. रस्त्यात, उतारावर, स्थानकाच्या पुलावर गेले. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच जागी यायचं, हे या मृत्यूंचं कारण आहे, आणि हा संदेश नेमकं तेच करायला सांगतो. वर मेलात तर मोक्ष म्हणतो. आईवडिलांना तीर्थाला नेणं ही सेवा आहे. त्यांना चेंगराचेंगरीत नेऊन उभं करणं ही सेवा नाही.

"लिंकवर तंबू बुक करा." असल्या संदेशाच्या तळाशी असलेल्या लिंकवर एक रुपयाही भरू नका. ओळखीच्या धर्मशाळेला किंवा आपल्या तीर्थोपाध्यायांना फोन करा. बहुतेक घराण्यांचे उपाध्याय ठरलेले असतात आणि त्यांच्या वह्यांत तुमच्या पणजोबांचं नाव मिळेल.

मग यायचं कधी? तिन्ही पर्वण्या आणि त्यांच्या मागचेपुढचे दोन-दोन दिवस सोडा. त्र्यंबकला तिसरा श्रावणी सोमवार सोडा, म्हणजे २३ ऑगस्ट २०२७ आणि त्याच्या आदला रविवार. ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीला तेव्हा एरवीच्या वर्षीही पाय ठेवायला जागा नसते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा असते, ती वारकऱ्यांसाठी ठेवा. गणपती ४ सप्टेंबरला बसतात, म्हणजे तिसरी पर्वणी गणेशोत्सवात येते आणि गाड्या आधीच भरलेल्या असतील.

मावशीला मी दोन वेळा सुचवल्या. एक, ध्वजारोहणानंतर नोव्हेंबर-डिसेंबर २०२६: थंडी कोवळी असते, गंगा-गोदावरीचं देऊळ उघडलेलं असेल आणि गुरू सिंहेत. दुसरी, कोजागिरीनंतर दिवाळीची गर्दी टाळून, नोव्हेंबर २०२७ चा पहिला पंधरवडा: पाऊस ओसरलेला, पाणी निवळलेलं, गुरू अजून सिंहेतच. दोन मुक्काम, एक दिवस नाशिक, एक दिवस त्र्यंबक. काकांच्या गुडघ्यांसाठी घाटापर्यंत रिक्षा येईल, जी पर्वणीला येणार नाही. दोघांच्या खिशात नाव, गाव, तालुका, दोन फोन नंबर आणि रोजच्या गोळ्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली.

तिने विचारलं, "पण पुण्य तेवढंच ना रे?" मी तिला साठ हजार वर्षांचं ते वचन पुन्हा सांगितलं. तिने नोव्हेंबर २०२६ पक्का केला आहे.