धक्का बसला म्हणजे गिअरबॉक्स गेलाच असं नाही

जुनी ऑटोमॅटिक गिअरची गाडी थरथरली की गिअरबॉक्सच बदला, असा सल्ला एका लेखात वाचला; तो घाईचा आहे. हलक्या ॲक्सिलरेटरवर ताशी ५० ते ८० किमीच्या वेगात गाडी खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी हादरत असेल, तर आधी टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, आणि गिअरबॉक्सचं थकलेलं ऑइल यांच्यावर संशय घ्यावा. ड्रेन प्लगमधून एका वेळी बहुधा निम्मंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून मध्ये गाडी फिरवून दोन-तीनदा बदलायचं, तेही मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच. सीव्हीटीत (गिअरांऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, ओतलं तर बेल्ट घसरून पुलीसकट वाट लागते. (हे उद्योग गॅरेजवाले करतात!) अशी जुनी गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवं. डी (पुढे) किंवा आर (मागे) टाकल्यावर गाडीने पकड घ्यायला दोन सेकंदांहून जास्त लावले, वर ऑइलला जळका वास असेल, तर सौदा सोडा.