ई-थ्री परत यावं, पण २००७ सारखं नाही, २००९ सारखं

ई-थ्री म्हणजे व्हिडिओ गेमच्या धंद्यातला सर्वात गाजलेला व्यापारी मेळा. १२ डिसेंबर २०२३ ला आयोजकांनी, म्हणजे अमेरिकेतल्या एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर असोसिएशनने, तो कायमचा बंद झाल्याचं जाहीर केलं. तेव्हा माझ्या ओळखीतले बरेच गेमवाले म्हणाले, बरंच झालं, ट्रेलर घरबसल्या यूट्यूबवर दिसतातच की. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर अजिबात पटत नाही. जून आला की 'ई-थ्री परत येणार का' ही चर्चा हमखास निघते. माझं उत्तर: यायलाच हवं. आणि तसाच एक मेळा आपल्या मुंबईत दरवर्षी भरायला हवा, हे मला त्याहून जास्त तळमळीने वाटतं.

हा मेळा मुळात सुरू का झाला ते बघा. १९९५ च्या आधी गेम कंपन्या सीईएस नावाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अवाढव्य प्रदर्शनात जायच्या. तिथे टीव्ही आणि स्पीकर विकणाऱ्यांचा मान मोठा, गेमवाल्यांना मागची कुठली तरी जागा. सेगा या जपानी गेम कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेचे तेव्हाचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी नंतर सांगितलं आहे की लास व्हेगासमध्ये एकदा त्यांना तंबूत बसवलं होतं, पाऊस आला, तंबू गळायला लागला आणि पाणी थेट त्यांच्या मशीनवर. गेममधल्या हिंसेवरून अमेरिकी संसदेत गदारोळ झाल्यावर १९९४ मध्ये या कंपन्यांनी आपली संघटना काढलीच होती. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये त्यांनी स्वतःचा मेळा भरवला.

त्या पहिल्याच मेळ्यात सेगाने जाहीर केलं की आमचा सॅटर्न कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, ३९९ डॉलरला आजपासूनच दुकानांत मिळेल. माल मात्र ठरावीक दुकानांनाच दिलेला. बाकीचे दुकानदार भडकले, केबी टॉइजने तर सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, '२९९' म्हणाले आणि खाली उतरले. प्लेस्टेशनचा भाव! गेमर मंडळी हे एक मजेदार किस्सा म्हणून सांगतात. मला त्यातला व्यापार दिसतो. बनवणारे, विकणारे आणि लिहिणारे एका छताखाली होते म्हणून कोण कोणाच्या बाजूने, ते एका दिवसात कळलं.

पुढे मेळा फुगला. २००६ मध्ये साठ हजारांच्या घरात लोक आले. मोठ्या कंपन्या कुरकुरायला लागल्या की स्टॉलवर एवढा खर्च करून आमच्या हाती काय लागतं? म्हणून २००७ मध्ये आयोजकांनी सगळं आवरतं घेतलं. सांता मोनिकाच्या हॉटेलांमध्ये, निमंत्रण असेल त्यालाच प्रवेश. २००८ मध्ये परत लॉस एंजेलिसला आले, पण माणसं जेमतेम पाच हजार. दालनात शुकशुकाट, पत्रकारांना लिहायला काही नाही. ज्यांनी खर्चाची तक्रार केली होती त्यांनाच ते मिळमिळीत वाटायला लागलं.

आणि मग २००९. जूनच्या २ ते ४ तारखेला जुन्या थाटात मेळा भरला, सुमारे एक्केचाळीस हजार लोक आले. मायक्रोसॉफ्टच्या मंचावर बीटल्सच्या गेमसाठी खुद्द पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार. पुढे 'किनेक्ट' झालेलं ते अंगाच्या हालचालीवर चालणारं यंत्र तिथेच पहिल्यांदा दाखवलं. झगमगाट होताच, पण मी २००९ चं नाव पुन्हापुन्हा घेते ते त्यासाठी नाही. तेव्हाही मंदी होती आणि कंपन्यांकडे पैसा कमीच होता. तरी दोन वर्षं बंद दाराआड बैठका करून बघितल्यावर या उद्योगाला कळलं की आपल्याला गर्दी लागते. ज्याला आपण बोलावलं नव्हतं असा माणूस समोर येऊन उभा राहणं लागतं.

मी ठाण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत लेव्हल डिझायनर आहे, म्हणजे गेममधले टप्पे रचते. आम्ही कोडी सोडवायचे गेम बनवतो. पब्लिशरला, म्हणजे गेमला पैसा लावून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीला, ईमेल करणं म्हणजे काय असतं ते या धंद्यातल्या लहान माणसाला विचारा. डेमो पाठवायचा, पिच डेक, म्हणजे गेमची माहिती देणाऱ्या स्लाइड्स, पाठवायचा, आठवण करायची, परत आठवण करायची. उत्तर नाही. त्यात त्यांचा फार दोष आहे असंही नाही, रोज ढिगाने ईमेल येत असणार. मग हैदराबादच्या डेव्हलपर कॉन्फरन्समध्ये आम्हाला एक टेबल मिळालं. एका परदेशी पब्लिशरची बाई शेजारच्या स्टॉलवर आली होती. तिथल्या खुर्चीवर कोणी बसलेलं होतं, म्हणून ती वेळ काढायला आमच्याकडे बसली. खेळायला लागली. दुसऱ्या कोड्यावर अडकली, कपाळाला आठ्या घातल्या, पण कंट्रोलर खाली ठेवला नाही. मग प्रश्न सुरू झाले: सेव्ह कुठे होतं, भाषा किती, निंटेंडोच्या स्विच कन्सोलवर चालेल का, टीममध्ये प्रोग्रामर कोण? आमच्यासारखे गेम त्यांच्याकडे दुसरी एक व्यक्ती बघते, तिचं नाव तिने लिहून दिलं. त्या नावावर पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलं. करार अजून झालेला नाही, होईलच असंही नाही, पण आज आमचा गेम कोणीतरी जबाबदारीने तपासतंय. हे त्या रिकाम्या खुर्चीमुळे झालं आणि ती खुर्ची कुठल्याही ऑनलाइन शोकेसमध्ये मिळत नाही.

तिथेच एक कॉलेजचा मुलगा आमच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या अर्धवट आवृत्तीत, भिंतीच्या आत घुसला आणि अडकून बसला. ऑफिसमध्ये आम्ही सगळ्यांनी ती लेव्हल इतक्या वेळा खेळली होती की त्या कोपऱ्यात कोणी उडीच मारायचं नाही. अनोळखी हातात गेम पडणं किती मोलाचं असतं हे मला शब्दांत नीट सांगताही येत नाही.

ई-थ्रीची जागा आता कशाने घेतली? मोठ्या कंपन्या आपापले व्हिडिओ कार्यक्रम करतात आणि २०२० पासून जेफ कीली यांचा समर गेम फेस्ट आहे. कार्यक्रम देखणा असतो, मीही रात्री जागून बघते. पण २०२४ मध्ये छापून आलं की त्यात एका मिनिटाच्या ट्रेलरचा भाव अडीच लाख डॉलर आहे. काहींना फुकट जागा देतात, हेही खरं. तरी अडीच लाख डॉलर म्हणजे दोन कोटींच्या वर रुपये, एका मिनिटाला! तेवढ्यात आमच्यासारखा स्टुडिओ अख्खा गेम करून बाजारात आणेल आणि वर पुढच्याची तयारी सुरू करेल.

ई-थ्रीच्याच आयोजकांनी एप्रिल २०२६ साठी लास व्हेगासमध्ये 'आयआयकॉन' नावाची परिषद जाहीर केली, तेव्हा मी आशेने वाचायला घेतलं. तर ती वरच्या अधिकाऱ्यांसाठी. गेम उद्योगातले आणि इतर क्षेत्रांतले मोठे लोक भेटणार, बोलणार. भेटावं त्यांनी. पण याला ई-थ्रीचं पुनरागमन म्हणू नये. हे २००७ चं पुनरागमन आहे.

आता मुंबई. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून कॅसेट आणि नंतर सीडी आणून खेळलेली पिढी आज गेम बनवते आहे. विशाल गोंदल यांनी १९९९ मध्ये इंडियागेम्स याच शहरात सुरू केली, ती २०११ मध्ये डिस्नेने घेतली. युबीसॉफ्टने २०१८ मध्ये इथे स्टुडिओ उघडला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये जगभर पोचला, तोही क्राउडफंडिंग, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करणं, फसल्यानंतर, निव्वळ चिकाटीवर. सरकारही जागं झालं आहे. मे २०२५ मध्ये बीकेसीत वेव्हज हे केंद्र सरकारचं मनोरंजन उद्योगाचं संमेलन भरलं. पेडर रोडला आयआयसीटी ही ॲनिमेशन, गेमिंग वगैरे शिकवणारी संस्था सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंत ३,२६८ कोटींचं. मला याचा मनापासून आनंद आहे. पण वेव्हजमध्ये सिनेमा, ओटीटी, रेडिओ, संगीत, सगळंच होतं आणि त्यात गेमला मिळालेली जागा बघून मला सीईएसमधले गेमवाले आठवले.

कोणी म्हणेल, कधी हैदराबादला तर कधी चेन्नईला भरणारी इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स आहे ना. आहे, आणि ती चालवणाऱ्यांचे आमच्यावर उपकार आहेत. तिथे शिकायला मिळतं, आपली माणसं भेटतात, वर सांगितलेली भेटही अशाच ठिकाणी झाली. पण ते मुळात बनवणाऱ्यांचं संमेलन आहे. खरेदीदार हा तिथला पाहुणा. मुंबईत चित्र उलटं होऊ शकतं, कारण पैसेवाला इथेच राहतो: चॅनेलवाले, म्युझिक कंपन्या, जाहिरात एजन्सी, बँका, खेळणी आणि कपड्यांचे ब्रँड. यांच्यापैकी बहुतेकांनी भारतीय गेम स्टुडिओतला माणूस प्रत्यक्ष पाहिलेलाही नाही. त्यांना हैदराबाद किंवा चेन्नईला कोण नेणार? अंधेरीहून गोरेगावला नेस्कोच्या प्रदर्शन केंद्रात मात्र ते दुपारच्या जेवणानंतर येऊ शकतात.

आणि व्यापारी मेळा म्हणजे काय हे या शहराला शिकवावं लागत नाही. जवाहिरांचा आयआयजेएस दरवर्षी इथे भरतो. फक्त धंद्यातल्या माणसाला प्रवेश, तिथेच ऑर्डर लिहिल्या जातात. जर्मनीत कोलोनला भरणाऱ्या गेम्सकॉम या गेमच्या मेळ्यातही व्यापाऱ्यांची दालनं वेगळी आणि जनतेची वेगळी असतात. आपल्याकडे मात्र गेमचा कार्यक्रम म्हटला की कॉस्प्ले, म्हणजे गेममधल्या पात्रांचे वेश, ई-स्पोर्ट्सची फायनल आणि कानठळ्या बसवणारा मंच. हे सगळं असावं, मुलांनी धमाल करावी, पण पहिले दोन दिवस दार बंद ठेवा आणि कामाचं बोलू द्या. लहान स्टुडिओला टेबल, दोन खुर्च्या आणि न जाणारी वीज एवढं परवडेल अशा भाड्यात द्या. धोरणातल्या कोट्यवधींपैकी थोडे जरी यावर खर्च झाले तरी पुष्कळ. तारखा दरवर्षी त्याच ठेवा, म्हणजे परदेशातला माणूस वर्षभर आधी तिकीट काढेल. मोठ्या कंपन्या रुसल्या तरी घाबरू नका. २०१९ मध्ये सोनी ई-थ्रीला आली नाही, तरी मेळा भरला.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला जवळचं आहे. कित्येक वर्षं आपल्या घरांत 'गेमिंग' म्हणजे रमीच्या आणि फँटसी क्रिकेटच्या जाहिराती. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, पण त्या शब्दाला लागलेला डाग तसाच आहे. माझ्याच नात्यातल्या एका काकांना अजून वाटतं की मी जुगाराच्या ॲपमध्ये नोकरी करते. त्यांना ट्रेलर दाखवून उपयोग नाही. एका दालनात शंभर स्टुडिओ, चित्रकार, संगीतकार, प्रोग्रामर, मराठीत लिहिलेली पात्रं, हे सगळं मांडलेलं त्यांना हाताला धरून दाखवायचं आहे मला.

ठाण्यातले, पुण्यातले आणि अंधेरीतले आम्ही काही जण या मागणीचा एक मसुदा लिहायला बसलोय, धोरणाची अंमलबजावणी करणाऱ्यांकडे देण्यासाठी. गेमवाल्यांनी तर कळवाच. पण ज्यांनी कापडाच्या, यंत्रांच्या, दागिन्यांच्या प्रदर्शनात स्टॉल लावलेत त्यांच्याशी मला जास्त बोलायचं आहे. हॉलचं भाडं कसं ठरतं, विजेचा वेगळा आकार किती लागतो, परदेशी खरेदीदाराला बोलावण्याचा खर्च कोण उचलतं, हे आम्हाला कागदावर नीट मांडता आलं पाहिजे. शनिवार-रविवार मी ठाण्यात कुठेही भेटायला येईन.