कच्चं लिखाण कुणाला दाखवायचं?

गेल्या आठवड्यात गोव्यातल्या डिचोलीहून भाचीने कॉलेजचा प्रोजेक्ट पाठवला. "मावशी, इंग्लिश तेवढं सुधारून दे गो." विषय खाणींचा. पहिल्या चार पानांत तिचं स्वतःचं असं एकही वाक्य नव्हतं.

गोव्यात शिक्षणाचा वाद म्हणजे माध्यमाचा वाद. १९९० साली प्राथमिकचं अनुदान मराठी-कोकणी शाळांपुरतं ठेवलं, २०११ साली ते इंग्रजी शाळांनाही द्यायचं ठरलं आणि भाषाप्रेमी रस्त्यावर उतरले. मी सरकारी मराठी शाळेत शिकले, ती लढाई मला आजही आपलीच वाटते. पण मूल कुठल्याही भाषेत शिको, मनातलं कागदावर आणायला त्याला कोण शिकवतं? आम्ही गाईडमधली उत्तरं पाठ केली आणि पुढे कॉलेजात सीनियरच्या असाइनमेंटी उतरवल्या.

इथे अमेरिकेत, इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात, १९७६पासून लेखन केंद्र आहे: आपलं लिखाण घेऊन जायचं आणि त्यावर कुणाशी तरी बोलायचं. पहिल्यांदा गेले ते चुका काढून मिळतील म्हणून. समोर माझ्याच वयाची विद्यार्थिनी. तिने पेन हातात घेतलंच नाही. माझाच निबंध मला मोठ्याने वाचायला लावला आणि 'खाणींमुळे पर्यावरणाची हानी होते' या वाक्यापाशी थांबवलं. "तू स्वतः काय पाहिलंस?" मग मी खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांची रांग, तुळशीच्या पानांवरची तांबडी धूळ, २०१२ साली खाणी बंद पडल्यावर दारोदार उभे राहिलेले टिपर आणि त्यांचे थकलेले हप्ते, सगळं सांगत सुटले. "मग हे निबंधात का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अशा केंद्रांना दुरुस्तीचं दुकान समजणारे अमेरिकेतही आहेत. स्टीफन नॉर्थ या प्राध्यापकांनी १९८४ सालीच त्याला हरकत घेतली होती: तिथे लेख नव्हे, लिहिणारा घडवायचा असतो. कुठे अडलंय, कशावर बोलायचं, हे येणारा विद्यार्थी ठरवतो.

आपल्याकडे एवढा पैसा कुठे, असं कुणी म्हणेल. पण लायब्ररीतलं एक टेबल, आठवड्याचे चार तास आणि प्रश्न कसे विचारायचे ते शिकवून तयार केलेली वरच्या वर्गातली मुलं, एवढ्याने सुरुवात होते. मराठीत, कोकणीत बोलून विचार मोकळा करावा, मग हव्या त्या भाषेत लिहावं. मार्क देणाऱ्या सरांपुढे कच्चं लिखाण ठेवायला मुलं भितात. दोन वर्षांनी मोठ्या मुलीपुढे तेवढी भिणार नाहीत.

भाचीला प्रोजेक्ट मी न सुधारताच परत पाठवला, सोबत तीन प्रश्न. ती रुसली. काल रात्री तिचा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, मराठीत: बाबांचा टिपर बँकेने नेला त्या सकाळचा.