पणजोबा जन्मले कशावरून?

पुतणीला अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे आहे. त्यासाठी वंशावळ हवी, आणि आम्ही इतर मागासवर्गात मोडत असल्याने तिला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा जोडायला हवा. जन्माची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा मात्र १९६९ सालचा आहे.

आजोबांचे सोपे होते. नाव घालताना मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या मुलांप्रमाणे त्यांनाही एक जूनला जन्माला घातले. पणजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, धुंडाळणे आले, आणि ती मोडी लिपीत.

अभिलेख कक्षातील लिपिकांनी धूळ माझ्याच अंगावर उडेल अशा बेताने बाड आपटले. तेव्हा रांगेत माझ्या मागे सातबाऱ्यासाठी उभे असलेले एक गृहस्थ, ‘आमच्या आजोबांना मोडी येत असे’ एवढ्या भांडवलावर पुढे सरसावले. मोडी लिहिणारा लेखणी फारशी उचलत नसे; हे गृहस्थ वाचताना श्वासही घेत नव्हते. पणजोबा आधी ‘मुलगा’ ठरले, चष्मा पुसल्यावर ‘मुलगी’ झाले आणि ओळ संपता संपता ‘मयत’.

“जन्मले त्याच ओळीत?” मी विचारले.

“पूर्वी लहान मुलं फार दगावायची हो,” ते सांत्वनाच्या सुरात म्हणाले.

“अहो, मग मी कुठून आलो?”

“ते तुमचं तुम्ही बघा. सरकारी कागद खोटं बोलत नाही.”

यावर लिपिकांनी मान डोलावली, याचा राग अजून गेलेला नाही.

पुढे पैसे मोजून एका जाणकाराकडून वाचून घेतले, तेव्हा खापरपणजोबांच्या नावापुढे ‘यास मुलगा’ एवढेच निघाले. मुलाचे नाव नाही, आणि जिने नऊ महिने वाहिले तिचा तर उल्लेखच नाही. वंशावळीतही बायकांना जागा नसल्यामुळे आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिल्याचे मी शपथेवर लिहून देणार आहे. त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांच्या वहीत भाऊ, मुलगे, गाव असे सगळे रीतसर लिहिलेले आहे. परंतु ती वही सरकारी नव्हे, असे लिपिक म्हणाले.

“हा मुलगा म्हणजेच तुमचे पणजोबा कशावरून? गावातल्या एखाद्या जुन्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा,” असाही मार्ग त्यांनी सुचवला. त्या बाळंतपणाचा साक्षीदार आज हयात असलाच, तरी प्रतिज्ञापत्रापूर्वी त्याच्याकडे वयाचा दाखला मागितला जाईल, आणि त्यावर तारीख एक जून असेल.