पाणी गरम येतंय ना?

गॅस गीझर दुरुस्तीला कधी द्यावा, हा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुम्ही मुंबईत नवीन आहात. इथे उत्तर ठरलेलं आहे: पाणी गार यायला लागलं की. त्याआधी मेकॅनिकला बोलावणं म्हणजे पैसा वर आल्याचं लक्षण. नळाखाली हात धरा. चटका बसला की गीझर धडधाकट. आत काय जळतंय, कसं जळतंय आणि जळून कुठे जातंय, याच्याशी आंघोळ करणाऱ्याचा काय संबंध?

मुंबईत गीझर लागतोच कशाला, असं पुणेकर विचारतात. त्यांना सांगा, २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तेव्हापासून आम्ही सावध आहोत. सतरा अंशांना मुलुंडमध्ये कानटोप्या निघतात, आणि मे महिन्यातसुद्धा ‘अंग जरा दुखतंय’ म्हणून कढत पाणी लागतंच.

तर आता गीझर सुखाने नांदवायचा कसा, ते सांगतो. अनुभवाचे बोल आहेत.

पहिलं काम खिडकीचं. आपलं बाथरूम चार बाय सहाचं, त्याला वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी, आणि त्यातल्या दोन पट्ट्या बिल्डरच्या काळापासून गळालेल्या. त्या फटीतून कबुतर येतं. कबुतर एकदा आलं की बायकोला घेऊन येतं, काड्या आणतं, बादलीवर अंडं घालतं. म्हणून खिडकी बुजवा. आम्ही मिक्सरचं खोकं कापून बसवलं आणि चारही बाजूंनी ब्राऊन टेप मारला. एक्झॉस्ट फॅन तीन वर्षांपूर्वी जळाला होता, त्याच्या भोकात थर्माकोल कोंबला. काय बिशाद कबुतराची!

आता काही शंकेखोर लोक म्हणतात की गॅस जळायला हवा लागते. लागते, नाही कोण म्हणतंय. पाइपने येणाऱ्या गॅसच्या एका भागाला साधारण दहा भाग हवा, आणि सिलिंडरमधल्या गॅसला पंचवीस-तीस भाग. म्हणजे गीझर चालू असेपर्यंत तो तुमच्याच वाट्याची हवा खात असतो. ती पुरली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मूळ गॅसलाही वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं रसायन मिसळतात. अर्धवट जळून जे निघतं त्यात मात्र असं काही मिसळायची सोय नाही. त्यामुळे ‘मला तर काही वास आला नाही बुवा’ हे सर्टिफिकेट आपण छातीठोकपणे देऊ शकतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. पागडीच्या भाडेकरूसारखा: एकदा शिरला की जागा सोडत नाही, आणि खरा मालक बाहेर ताटकळत उभा.

दुसरी गोष्ट, गीझर नवा घेऊ नका. बोरिवलीच्या मावशीने नवा घेतला की तिचा जुना आणा. आमचा तसाच आला. मावशीकडे पाइप गॅस, आमच्याकडे सिलिंडर. पाइप गॅस आमच्या सोसायटीतही येणार आहे. पाइप कोणाच्या खिडकीवरून न्यायचा, एवढं जनरल बॉडीत ठरलं की येईलच. तीन वर्षं झाली. तोवर गॅस तो गॅस! त्याला काय, आडनाव असतं? आमच्या प्लंबरचंही हेच मत पडलं. हा मनुष्य नळ, टाइल्स, वायरिंग आणि वेळ पडल्यास गणपतीचं मखर, सगळं करतो. त्याने स्वयंपाकघरातल्या सिलिंडरपासून भिंतीतून नळी घातली, गीझर टांगला, आणि गळती तपासायला काडी पेटवून सांध्याभोवती फिरवली. स्फोट झाला नाही. म्हणजे गळती नाही. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघतात म्हणे काही लोक, पण त्यात थरार कुठला?

आणि काय सांगू, पाणी असं कढत यायला लागलं की मावशीकडे कधी आलं नव्हतं. नळ सोडला की आधी दोन क्षण शांतता, मग आतून ‘भप्प’ असा आवाज, आणि मग लाव्हा. त्या ‘भप्प’चं कारण नंतर कळलं. ठिणगी वेळेवर पडत नाही, तोवर गॅस आत साठत राहतो आणि मग सगळा एकदम पेटतो. तेव्हा आम्ही त्याला गीझरचा पॉवर समजायचो. पाहुण्यांना ऐकवायचो.

मग छत काळं पडायला लागलं. आई म्हणाली, बुरशी. पांढऱ्या टॉवेलवर काळे ठिपके आले. आई म्हणाली, बाई नीट धूत नाही. पंचेचाळीस दिवस जाणारा सिलिंडर तिसाव्या दिवशी संपायला लागला, तेव्हा बाबांनी गॅसवाल्याशी वजनावरून भांडण उकरून काढलं. त्याने खाली नेऊन काटा लावून दाखवला. वजन बरोबर भरलं. बाबांचं मत, काटाच खोटा.

लक्षात घ्या, गीझर बिचारा सांगत होता. आवाजाने सांगत होता, काजळीने सांगत होता, सिलिंडरच्या तारखेने सांगत होता. पण ज्याचं पाणी गरम आहे त्याचं कोण ऐकतो?

एवढं करूनही तुमचं भागत नसेल, तर नरक चतुर्दशीला घरी माणसं बोलवा. आमच्याकडे गेल्या दिवाळीला नऊ जण होते आणि बाथरूम एक. पहाटे साडेचारला आजोबांपासून सुरुवात. पाटावर बसवून तेल लावायचं, उटणं, मोती साबण, कारीट फोडायचं, एक बाहेर आला की दुसरा आत. दोन तास गीझर सलग चालू, खिडकीला खोकं, फॅनच्या भोकात थर्माकोल, आणि थंडी आत येऊ नये म्हणून दाराखाली पायपुसणं. आतल्या वाफेत उटण्याचा असा काही वास कोंडला होता की सणाला सण वाटत होता. पाचवा नंबर माझा. बाहेर आलो तर डोक्यात घण पडत होते. आई म्हणाली, उपाशीपोटी उठलास, पित्त आहे. सहावी ताई, तिला मळमळलं. चकली रात्री खाल्ली होती, तेल जुनं असणार. सातवे जावईबापू. ते बाहेर आले ते भिंतीला धरून, आणि धपकन सोफ्यावर बसले. चेहरा घामाने डबडबलेला. लिंबूपाणी दिलं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि पुण्याच्या माणसाला मुंबईची हवा मानवत नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. बाल्कनीत नेऊन बसवल्यावर त्यांना जरा तरतरी आली. लिंबूपाणी लागू पडलं, दुसरं काय.

आठवा नंबर भाच्याचा. वय वर्षं सहा. तो अंगाला तेल लावलेल्या अवस्थेत गीझरच्या खिडकीकडे मान वर करून बघत राहिला आणि ओरडला, “मामा, ह्याच्यात पण पणती लावलीये!”

मी जाऊन पाहिलं. खरंच. गॅसची ज्योत निळी, ताठ, सुरसुर आवाज करणारी असते; आमची पिवळी, लांबलचक, डुलणारी होती. टोकाला काजळी धरलेली. अगदी देवघरातल्यासारखी. आई म्हणाली, दिवाळीत पिवळी ज्योत शुभ असते. आणि नववा नंबर आंघोळीला गेला.

त्या पहाटे कोणी आत कोसळलं नाही, हे आमचं पूर्वपुण्य. दर हिवाळ्यात पेपरात बातमी असते, बाथरूमचं दार फोडलं तेव्हा गीझर चालूच होता म्हणून. ती आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो, कारण त्यातलं बाथरूम दुसऱ्याचं असतं. कडी आतून घट्ट लावत जा. दार लवकर फुटलं तर बातमी व्हायची नाही.

दिवाळीनंतर आम्हाला सगळ्यांनाच पित्ताचा त्रास लागला. रोज सकाळी, आंघोळ झाली की. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बाबांनी चहा सोडला, मी जिऱ्याचं पाणी धरलं. एक गंमत मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही: घराबाहेर पडलं की उतरायचं. सकाळची ती लोकल, जिच्यात धट्टाकट्टा माणूस अर्धमेला होतो, तिच्यात लटकून मी विक्रोळीपर्यंत गेलो की डोकं हलकं. रविवारी घरीच, तर दुपारपर्यंत ठणका. मी याचा अर्थ असा काढला की मला नोकरी मानवते.

गॅसगळतीसाठी १९०६ हा चोवीस तासांचा नंबर आहे. घरात कोणाला माहीत आहे का म्हणून परवा विचारलं, तर आजोबा म्हणाले, वंगभंगाच्या सुमाराची गोष्ट, लोकमान्य तेव्हा बाहेर होते. पाचवीतल्या पुतणीपेक्षा वयाने मोठी असलेली रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. चला, आपलं आपल्याला इतिहासाचं ज्ञान तरी आहे.

शेवटी जानेवारीत तो काळा दिवस उगवला. नळ सोडला आणि पाणी गार आलं.

घरात हलकल्लोळ. बाबांनी ऑफिसला दांडी मारली. ज्या घराने तीन महिने पित्त सोसलं त्याला एक गार आंघोळ सोसवेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून नंबर मिळवला आणि तासाभरात गॅस गीझरचाच म्हणावा असा मेकॅनिक हजर केला. पोरगेलासा होता, पाठीला सॅक. त्याने खालचा कप्पा उघडून दोन मोठे सेल काढले, टॉर्चमध्ये घालतात तसले, आणि म्हणाला, “सेल गेलेत फक्त.” आम्ही सुटकेचा श्वास टाकला. बाबा सेल आणायला चपला घालायला लागले.

पण त्या पोराला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, त्याने कव्हर उघडलं. आतून काजळी अशी पडली की खालच्या पांढऱ्या बादलीत मूठभर जमली. बर्नरवर एक कबुतराचं पीस. आमच्या सगळ्या बंदोबस्तातून ते आत कसं गेलं, याचं मला आजही नवल वाटतं. त्याने एक जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, फिरवून बाहेर काढला, तळहातावर घेतला, खिडकीकडे धरून त्याच्या भोकातून बघायला गेला, तर खिडकीत मिक्सरचं खोकं.

“हा पाइप गॅसचा पीस आहे काका. भोक मोठं असतं. सिलिंडरवर कोणी लावला?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत काळं होतं.

त्याने जेट खिशात टाकला, नळीचा कॉक बंद केला, स्टुलावर चढून खोकं ओढून काढलं, मग थर्माकोल. नवे सेल घालायला मात्र तयार होईना. हा इथे चालवायचा नाही, म्हणाला. बसवायचाच तर सिलिंडरचा नवा घ्या आणि बाहेर, सुक्या बाल्कनीत लावा, पाणी तेवढं पाइपने आत आणा. आई दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. गार पाण्याच्या विचाराने तिने शालही ओढली होती.

मग हात पुसता पुसता त्याने विचारलं, “काकू, घरात कोणाचं डोकं वगैरे दुखतं का सकाळचं?”

“छे हो,” आई म्हणाली, “डोकं कोणाचंच दुखत नाही. पित्त आहे आम्हाला सगळ्यांना.”