स्टेशनाची जागा ठरवताना आधी बॅग उचलून बघा

पुण्यात हल्ली कुणी गावाला निघालं की घरात "गाडी किती वाजता?" याच्या आधी "गाडी कुठून?" असं विचारतात. पुणे स्टेशन की हडपसर? पुणे स्टेशनात सहा फलाट, वाढायला आजूबाजूला जागा नाही, म्हणून काही गाड्या हडपसरहून सोडायच्या, खडकीही वाढवायचं, असं चाललंय. ते करायलाच हवं, त्याबद्दल माझा वाद नाही. पण स्टेशनाची जागा ठरवताना आधी काय बघायचं, याबद्दल मला बोलायचंय. पोस्ट मोठी होईल, पण वाचा.

गेल्या वर्षी आत्याला पुण्याला आणायला आपल्याच राज्यातल्या एका वाढत्या शहरात गेलो होतो. तिथलं स्टेशन गावाबाहेर, नवं कोरं. गाडी पहाटेची. रिक्षावाल्याने हमरस्त्यावरच उतरवलं. "साहेब, पुढं नुसती खडी आहे, रिक्षा नाही जायची." मग मोबाइलचा टॉर्च लावून आम्ही चालायला लागलो. आत्या सत्तरी ओलांडलेली. एका हातात माझा दंड, दुसऱ्या हातात चकल्यांचा डबा, तो काही केल्या माझ्याकडे देईना. मधेच बॅगेचं चाक निखळलं. मग ती बॅग खांद्यावर. स्टेशनात पोचलो तर आत लख्ख उजेड, गुळगुळीत फरशी, स्टीलची बाकडी. आत्या बाकड्यावर टेकली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "एवढं छान बांधलंय रे. मग इथवर माणूस यायचा कसा, ते कुणी बघितलंच नाही का?"

तेव्हापासून कुठल्याही नव्या स्टेशनाची बातमी वाचली की मला आत्याचा तो प्रश्न आठवतो.

आपल्या पुण्याचंच बघा. खंडाळ्याहून पुण्यापर्यंत रूळ आले 1858 साली. बोरघाटातला मार्ग 1863 मध्ये झाला, तोवर मधला घाट लोक पालखीतून नाहीतर बैलगाडीतून उतरायचे. स्टेशन पेठांमध्ये आलं नाही. नागझरी ओढ्याच्या पलीकडे, लष्कराच्या शेजारी आलं. तेव्हाच्या शनिवार-सदाशिवातल्या माणसाला ते गावाबाहेरच वाटत असणार. पुढे शहर स्टेशनापर्यंत गेलं आणि ओलांडून पारही झालं. आताची इमारत 1925 ची. आज तिच्या एका बाजूला ताडीवाला रोड, दुसऱ्या बाजूला ससून आणि मालधक्का चौक. म्हणजे शहराबाहेरचं स्टेशन पन्नास-शंभर वर्षांत मध्यात येतंच. त्यामुळे नवं स्टेशन लांब असतं याचा मला त्रास नाही. लांब असेना, पण ते मध्यात येईल तेव्हा त्याच्याभोवती रस्ता, बस आणि मोकळी जागा शिल्लक असायला हवी. ती नंतर मिळत नाही. पुणे स्टेशनाच्या दाराशी रोज संध्याकाळी रिक्षा, पीएमपीच्या शहर बस, एसटी आणि पायी माणसं एकमेकांत अडकलेली असतात, ती त्यामुळेच.

आणखी एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही. 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर वसलं. मग कोथरूड, धनकवडी, सिंहगड रस्ता. शहर पश्चिमेला आणि दक्षिणेला पसरत गेलं, आणि रूळ राहिले उत्तरेला आणि पूर्वेला. वारज्याच्या किंवा धायरीच्या माणसाला गाडी पकडायची तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. त्यात गाडी हडपसरहून असली की आणखी पुढे.

"हडपसर स्टेशन" म्हटल्यावर बाहेरगावचा माणूस सोलापूर रस्त्यावरचा गाडीतळ डोळ्यांसमोर आणतो, कारण बस तिथेच जातात. स्टेशन आहे मगरपट्ट्याच्या मागे, मुंढव्याच्या अंगाला. सामान घेऊन गाडीतळावरून चालत जावं असं ते अंतर नाही. गाड्या हलवायच्या आधी स्वारगेट, कात्रज, कोथरूडहून थेट बस हव्यात, त्याही गाड्यांच्या वेळा बघून. दौंडच्या बाजूने रात्री उशिरा येणारी गाडी असेल तर रात्रीची बसही हवी. एकट्या आलेल्या मुलीने रात्री बाराला कुठे उभं राहायचं, याचं उत्तर आधी हवं, फलाटाची लांबी नंतर ठरवू.

मेट्रो आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि मला तिचं कौतुक आहे. ऑगस्ट 2023 मध्ये पुणे स्टेशनाला मेट्रो लागली, सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटही जोडलं गेलं. पण मेट्रो सुटते सकाळी सहाला, आणि सिंहगड एक्सप्रेस पुण्याहून सहा वाजून पाच मिनिटांनी. स्वारगेटहून येणाऱ्याने सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलायची, मग पुणे स्टेशन. पहाटेच्या गाडीला त्याचा उपयोग शून्य. लाइन टाकून झालं की काम संपलं असं नसतं. वेळा जुळवणं हेही नियोजनच आहे.

शिवाजीनगर मला सगळ्यात जवळचं. रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड अगदी समोरासमोर, असं ते पूर्वी होतं. मुंबईहून बाबा उतरायचे आणि दहा मिनिटांत नारायणगावच्या एसटीत खिडकीची जागा धरायचे. मी लहान असताना त्यांची ट्रंक धरून मागे मागे पळायचो. हमालही लागत नसे. 2019 च्या शेवटी मेट्रोच्या कामासाठी स्टँड वाकडेवाडीला गेला, आणि ती जोडणी तुटली. काम करायचं तर तात्पुरतं हलवावं लागतं, हे मला कळतं. पण पुण्यात रेल्वे, एसटी आणि आता जमिनीखालून मेट्रो एका हाकेच्या अंतरावर येतील अशी दुसरी जागा मला तरी दिसत नाही. तिथे स्टँड परत आला पाहिजे, आणि तिन्हींच्या मधला रस्ता डोक्यावर छप्पर असलेला, बिनपायऱ्यांचा हवा.

हे आपल्याकडे होऊ शकतं याचा दाखला घाट उतरला की आहे. नवी मुंबई वसवताना सिडकोने, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, आधी नोड (उपनगरांसारखे भाग) आखले आणि स्टेशनं त्यांच्या मध्यात ठेवली. रेल्वेच्या खर्चातला 67 टक्के वाटा सिडकोने उचलला. 1992 मध्ये वाशीला लोकल आली, तेव्हा स्टेशनाच्या बाहेर बस आणि रिक्षांना जागा राखलेली होती. ज्यांनी वाशी आणि पुणे स्टेशन दोन्हीकडून सामान घेऊन बाहेर पाऊल टाकलंय, त्यांना फरक सांगावा लागत नाही. उलट साताऱ्याचं स्टेशन बघा. ते माहुलीला, शहरापासून कितीतरी लांब. पुण्याहून साताऱ्याला जाणारा माणूस आजही स्वारगेटचीच वाट धरतो, कारण एसटी थेट गावात उतरवते.

आता पुणे-नाशिक रेल्वेचा विषय. नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यामुळे आधीच्या मार्गाला अडचण आली आणि आता वेगळ्या मार्गाची चर्चा चालू आहे. मार्ग कुठून जावा ते जाणकार ठरवतील. माझी कळकळ एवढीच की चाकणसारखी औद्योगिक वसाहत, जिथे एवढे कारखाने आणि रेल्वे अजिबात नाही, तिथली कामगार माणसं स्टेशनाची जागा ठरवताना मोजली जावीत. पाळी सुटल्यावर कामगार पंधरा मिनिटांत फलाटावर पोचला तर तो रेल्वेने जाईल, नाहीतर आहेच दुचाकी. आणि तिथली शंभर-दोनशे एकर जमीन आजच आराखड्यात राखून ठेवायला हवी. एकदा तिथे गोदामं आणि टॉवर उभे राहिले की शेतकऱ्याकडूनही ती मिळणार नाही आणि बिल्डरकडूनही नाही.

माझ्या स्वतःच्या भागाचं सांगतो. मी उंड्रीला राहतो. घोरपडीहून मिरजेकडे जाणाऱ्या मार्गावर सासवड रोड आणि फुरसुंगी अशी दोन स्टेशनं आमच्या बाजूला आहेत. त्याच्याही पुढचं आळंदी, ती म्हातोबाची आळंदी, माउलींची नव्हे. महंमदवाडी, हांडेवाडी, उंड्री मिळून आज इथे एक वेगळं गावच वसलंय, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना आपल्या जवळ रेल्वे स्टेशन आहे हे माहीतही नसेल. इथे नवे रूळ टाकायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी धड पोचरस्ता, एक बसथांबा, दिवे, आणि काही गाड्यांना थांबा एवढं झालं तरी पुणे स्टेशनावरचा भार हलका होईल.

येत्या रविवारी सकाळी सहाला मी उंड्री चौकातून सासवड रोड स्टेशनापर्यंत चालत जाणार आहे. हातात भरलेली बॅग घेऊन. कुठे फुटपाथ संपतो, कुठे दिवा नाही, बस कुठे वळते, किती वेळ लागतो, सगळं टिपून फोटोंसह नगरसेवक आणि रेल्वे दोघांनाही देणार. शेजारचे दोन काका तयार झालेत. अजून कुणाला यायचं असेल तर खाली कळवा, आणि बॅग रिकामी आणू नका.